रात्रीचा लंगोट: पेलाभर पाण्याचा हिशेब

मोठ्या माणसाची मूत्रपिंडं रात्री हात आखडता घेतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून रात्री एक संप्रेरक जास्त पाझरतं, ते मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. लघवी कमी आणि दाट होते, म्हणून आपण सहा-सात तास सलग झोपू शकतो. तान्ह्या बाळाच्या अंगात रात्र-दिवसाची ही घडी बसलेली नसते. लघवी दाट करण्याची त्याच्या मूत्रपिंडांची ताकदही मोठ्यांच्या जेमतेम निम्मी असते. दूध आलं की त्यातलं पाणी गाळायचं आणि पुढे पाठवायचं, मग बाहेर भर दुपार असो की मध्यरात्र.

दोन महिने ते एक वर्ष या वयातलं बाळ दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी करतं. म्हणजे रात्रीच्या दहा तासांत १७० ते २०० मिलिलीटर, घरातल्या पाण्याच्या पेल्याएवढी. एवढं पाणी वीतभर कापडात, दोन मांड्यांच्या मध्ये, कूस बदलणाऱ्या जिवाच्या अंगावर सकाळपर्यंत सांभाळायचं, आणि ते आईच्या साडीला, गादीला किंवा बाळाच्या पाठीला लागू द्यायचं नाही. रात्रीच्या लंगोटाकडून आपण मागतो ते हे. ‘कुठला ब्रँड घ्यावा’ या प्रश्नापेक्षा पाणी किती, कसं आणि कुठे येतं हे आधी समजून घेतलं, तर निम्मी निवड आपोआप होते.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं रात्रीचं पिणं ही काही वाईट सवय नव्हे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांचं चोवीस तासांचं दूध मोजलं. सरासरी ७८८ ग्रॅम निघालं, पण एखादं बाळ ४७८ ग्रॅमवर तृप्त, तर दुसरं १३५६ ग्रॅम पिणारं. बाळं दिवसरात्र मिळून अकरा वेळा पीत होती आणि एकूण दुधाचा सुमारे पाचवा हिस्सा रात्री पोटात जात होता. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सकाळचा लंगोट जड लागतो म्हणून रात्रीचं दूध तोडायला सांगणारे लोक अजूनही भेटतात. त्यांचं ऐकू नये. जड लंगोट म्हणजे दूध पोहोचल्याची पावती.

बाळ कुशीत झोपत असेल तर हिशेब आणखी बदलतो. अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीन-चार महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया अशा ३५ जोड्यांच्या रात्री प्रयोगशाळेत टिपल्या. रोज आईजवळ झोपणारी बाळं वेगळ्या झोपणाऱ्या बाळांच्या सुमारे तिप्पट वेळ रात्री पीत होती. पिण्याच्या वेळा दुप्पट, आणि एकेक वेळ ३९ टक्के लांब. वेळ तिप्पट म्हणजे दूध तिप्पट असं नाही. झोपेतलं बरंचसं चोखणं नुसतं लाडाचंही असतं. तरी पाळण्यातल्या बाळासाठी बेतलेला लंगोट कुशीतल्या बाळाला पहाटे अपुरा का पडतो, याचं उत्तर इथे मिळतं.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा २०२२ चा सल्ला बाळ आईच्या खोलीत, मात्र स्वतंत्र बिछान्यावर असावं असा आहे. घरात कुणी सिगारेट-विडी ओढणारं असेल, आई-वडिलांपैकी कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर एका बिछान्यावर झोपवू नये. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर कुणीच, कधीच करू नये. एरवीही गादी घट्ट हवी, उशा आणि जाड गोधड्या बाळाच्या तोंडापासून दूर हव्यात, आणि पिऊन झालं की बाळाला उताणं ठेवावं. लंगोटाशी याचा थेट संबंध येतो. ओलं होईल म्हणून बाळाखाली सुटं प्लॅस्टिक आणि तीन-तीन दुपटी अंथरण्यापेक्षा गळणार नाही असा लंगोट बांधलेला बरा. मेणकापड घालायचंच तर चादरीखाली, ताणून, कंबरेच्या भागापुरतं.

आता पाणी कसं येतं ते पाहू. तीन महिन्यांच्या बाळाच्या मूत्राशयात साधारण ४५ मिलिलीटर मावतं, पण ते भरेपर्यंत बाळ थांबत नाही. दिवसाला वीसेक वेळा, दर वेळी दीडेक टेबलस्पून, असा त्याचा क्रम चालतो. पूर्वी असं समजत की तान्ही बाळं झोपेत बेसावध मुततात. मूत्राशयाचा दाब आणि मेंदूच्या लहरी एकाच वेळी नोंदवल्या तेव्हा वेगळंच दिसलं: लघवीच्या आधी बाळाची झोप चाळवते, कधी ते हातपाय हलवतं, कधी कुरकुरतं, मग धार सोडतं. शेजारी झोपलेल्या आईला ही चाळवाचाळव कळते. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांमध्ये आया पहिल्या काही आठवड्यांपासून पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर धरतात आणि तोंडाने ‘शू’ असा आवाज करतात. त्यांची बाळं पाच-सहा महिन्यांत दिवसा-रात्री बरीचशी कोरडी राहू लागतात, असा अहवाल १९७७ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला, तेव्हा पाश्चात्त्य बालरोगतज्ज्ञ चकित झाले. पायांवर बाळ धरून ‘श्श’ करणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात नवल वाटलं नसतं.

सगळ्यांनाच रात्री उठून हे जमणार नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. मग धार कुठे जाते ते बघायचं. पाळण्यातलं बाळ उताणं असतं, त्यामुळे ओल मागे, पाठीकडे उतरते. कुशीतलं बाळ मात्र पिताना आईकडे तोंड करून एका कुशीवर असतं. पाणी खालच्या बाजूच्या जांघेत जमतं आणि मांडीच्या कडेने बाहेर येतं. पहाटे बाळाची एकच बाजू भिजलेली आणि आईच्या पोटाजवळचा पदर ओला, हा प्रकार घरोघरी असतो. लंगोट भरला म्हणून तो गळतोच असं नाही. पुष्कळदा मधला भाग अर्धा कोरडा असताना कडेने गळती होते, कारण बाळाच्या वजनाखाली दबलेलं कापड जागेवरच पाणी सोडतं. म्हणून कुशीतल्या बाळाच्या लंगोटाला मधल्या जाडीइतकीच जांघेशी बसणारी कड महत्त्वाची. मुलगा असेल तर नुनी खाली वळवून मग लंगोट बांधावा आणि जास्तीचे पदर पुढच्या बाजूला घ्यावेत. मुलीला ते मधे आणि मागे लागतात.

दाबाचा हा मुद्दा कापड निवडताना सगळ्यांत जास्त विसरला जातो. पाणी शोषणं वेगळं आणि दाबाखाली धरून ठेवणं वेगळं. बाजारात स्वस्तात मिळणारे मायक्रोफायबरचे पॅड पाणी झटकन ओढतात, पण तो धागा पॉलिस्टरचा. पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल आत घेत नाही. पाणी फक्त धाग्यांच्या मधल्या फटींत अडकतं. बाळ त्यावर वळलं की स्पंज पिळल्यासारखं ते बाहेर. दिवसा, दोन तासांत बदलणार असाल तर चालतं. रात्री एकट्याच्या भरवशावर राहू नये, आणि हे कापड थेट कातडीला तर लावूच नये, ते त्वचा कोरडी करतं.

सुताचं तसं नाही. कापसाचा धागा म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीवर पाण्याला धरून ठेवणारी टोकं जागोजागी असतात. धागा पोकळ, चपटा आणि पीळ बसलेला असल्याने पाणी त्याच्या आतही जातं. आणखी गंमत म्हणजे ओला झाला की सुती धागा कोरड्यापेक्षा जास्त मजबूत होतो. रोज धुऊन, आपटून, पिळूनही सुती लंगोट पुढच्या भावंडाला पुरतो तो यामुळे.

कोरं सुती कापड मात्र पाणी नाकारतं. कापसाच्या बोंडातल्या तंतूवर निसर्गाने मेणाचा अगदी पातळ थर दिलेला असतो, आणि त्यावर कापड विणताना खळ चढते. नव्या कोऱ्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, मण्यासारखा उभा राहील. चार-सहा वेळा गरम पाण्यात धुतल्यावर तोच थेंब पडताक्षणी नाहीसा होतो. आज्या बाळंतपणासाठी नवं कापड न फाडता वर्षानुवर्षं नेसलेलं सुती लुगडं किंवा आजोबांचं धोतर का काढत, याचं कारण काटकसर हे तर होतंच, पण शेकडो धुण्यांनी त्यातलं मेण आणि खळ पार गेलेली असे. कापड मऊ, पातळ आणि पाण्याला हपापलेलं. दीड हात चौरस तुकडा काढून घड्या घातल्या की मधल्या पट्ट्यात आठ पदर येतात, आणि धुताना तोच तुकडा पुन्हा एकपदरी होऊन तासाभरात वाळतो. आजच्या दोऱ्या-बटणांच्या बहुतेक महागड्या लंगोटांना ही दुसरी गोष्ट जमलेली नाही. हेच गणित उलटंही चालतं: कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव धुण्यात टाकलं की धाग्यावर पुन्हा स्निग्ध थर बसतो आणि चांगला लंगोट गळू लागतो. झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं जाड मलमही कापडाला लागून तेच करतं. मलम लावायचंच असेल तर मधे मलमलीची एक पट्टी ठेवावी.

सुताखाली घालायला हेंपचे पॅड आता ऑनलाइन मिळतात. भांगेच्याच जातीच्या रोपाच्या खोडाचा हा धागा. नशेशी त्याचा काही संबंध नाही. तो पाणी सावकाश ओढतो, पण एकदा घेतलं की दाबाखाली बऱ्यापैकी धरून ठेवतो. म्हणून रचना अशी हवी: कातडीला लागून लवकर शोषणारं सूत, त्याच्याखाली हेंप. उलटं घातलं तर पहिली धार वरच तरंगते आणि कडेने निघून जाते. ‘बांबू’ म्हणून विकलं जातं ते कापड बहुधा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेला व्हिस्कोस असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ पासून त्याला नुसतं ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर कारवाया केल्या आहेत. तो सुतापेक्षा जास्त ओल घेतो, स्पर्शाला फार छान. पण ओला असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते. घासून, पिळून धुणाऱ्या हातांत तो लवकर विरतो.

या सगळ्यांना मागे टाकणारी वस्तू डिस्पोजेबल डायपरमध्ये असते: सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण. साधं पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पितात, लघवीसारखं खारं पाणी तीस ते पन्नास पट, आणि दाबलं तरी सोडत नाहीत. या जातीच्या पदार्थांचा पाया अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत घातला गेला, आणि हेतू शेतातल्या मातीत ओल टिकवणं हा होता. कापडाने याच्याशी बरोबरी करण्याचा हट्ट धरू नये. प्रवासात किंवा बाळंतीण आजारी असताना डायपर वापरला तर कुणाचं पुण्य बुडत नाही.

आपला लंगोट रात्रीला पुरेल का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. सगळे पदर धरून कोरडा लंगोट तोला. पाण्यात बुडवून निथळत ठेवा, ठिबकायचं थांबलं की घडी करून तळहातांनी बाळाच्या वजनाइतका भार द्या, आणि पुन्हा तोला. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याची खरी धारणक्षमता. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका लघवी अशीच मोजतात. मग दोन-तीन सकाळी बाळाचा काढलेला लंगोट तोला आणि कोरडं वजन वजा करून लघवी किती ते बघा. क्षमता त्या लघवीच्या दीडपट तरी असावी, कारण ओल लंगोटभर सारखी कधीच पसरत नाही. एवढे पदर घातले की आजी हमखास म्हणणार, “अगं, पाय फेंगडे होतील त्याचे!” तसं होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना काळजी असते ती पाय सरळ जोडून करकचून गुंडाळण्याची. मांड्या फाकलेल्या राहणं बाळाच्या खुब्याला मानवतं.

बाहेरच्या आवरणाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी. वॉल्टर हंटने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरना विकून टाकलं. रबरी चड्ड्या आल्या, त्यांनी बाळांची कातडी उकडली. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन आईने न्हाणीघराचा पडदा फाडून जलरोधक आवरण शिवलं. १९४९ मध्ये ते दुकानात आलं. आता पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेलं कापड सगळीकडे वापरतात. पाणी अडतं, थोडी वाफ जाते.

लोकर मात्र या सगळ्यांहून विलक्षण. लोकरीच्या केसाचं बाहेरचं कवच स्निग्ध असतं, थेंब त्यावरून घरंगळतो. आतला गाभा मात्र वाफेचा लोभी, स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल तो हवेतून ओढून घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. वाफ शोषताना थोडी ऊबही सोडतो. लंगोटावर लोकरीची चड्डी घातली की बाहेरून कोरडं आणि आतून दमट न होणारं असं आवरण मिळतं. मेंढीच्या केसातलं लॅनोलिन धुण्यात कमी झालं की वरून पुन्हा चढवावं लागतं, एवढीच त्याची मिजास. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर बाळाच्या कातडीला फार खरखरीत. पण धनगरांच्या त्याच लोकरीची, सणगरांनी विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी भर पावसात माणसाला कोरडं ठेवते, आणि गादीवर, चादरीखाली अंथरली तर बाळाची ओल कापसाच्या गादीत सहजी उतरू देत नाही.

ओल थंडही करते, हे विसरून चालत नाही. एका वेळची २० मिलिलीटर लघवी कापडातून उडून जायला सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता लागते, जवळजवळ १७ मिलिलीटर आईच्या दुधातून मिळेल तेवढी. ती सगळी बाळाच्या अंगातून जात नाही, तरी डिसेंबरात नुसत्या एकपदरी लंगोटातलं बाळ कुडकुडून उठतं ते यामुळे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हाच गुण कामाला येतो. तेव्हा आवरण काढून टाकावं, पातळ लंगोट वारंवार बदलावेत आणि बाळाला मोकळं राहू द्यावं. बाळ जास्त तापणं हे गारठ्याइतकंच टाळायचं.

मग रात्री बदलायचं कधी? शी असेल तर लगेच, मग तीन वाजलेले असोत. नुसती लघवी असेल, कापडात जागा असेल आणि कातडी निरोगी असेल, तर झोपलेल्या बाळाला उठवू नये. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या जे. व्ही. कुक यांनी लंगोटाच्या लालीचं खापर लघवीतून जिवाणूंनी तयार केलेल्या अमोनियावर फोडलं आणि पुढची अनेक दशकं सगळे तेच मानत राहिले. १९८६ मध्ये केस नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून खरी साखळी उलगडली. अमोनियामुळे कातडीवरची आम्लता कमी होते, त्या वातावरणात शीमधली चरबी आणि प्रथिनं पचवणारी विकरं जागी होतात, आणि ती कातडी पचवायला घेतात. लघवी आणि शी एकत्र आली की बिघडतं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी आम्लधर्मी असते, त्यामुळे ही विकरं निवांत राहतात आणि वरचं दूध पिणाऱ्यांपेक्षा या बाळांना लाली कमी येते. मात्र पहिल्या दीड महिन्यात बाळ जवळजवळ प्रत्येक पिण्यागणिक शी करतं. त्या दिवसांत रात्रभराचा लंगोट हा विचारच सोडून द्यावा, उशाशी साध्या लंगोटांची चळत ठेवावी. पुढे शी आपोआप विरळ होते आणि तेव्हा रात्रीच्या जाड लंगोटाचे दिवस येतात.

या शीच्या पिवळ्या डागांचं एक आश्चर्य उरलंच. हा पिवळेपणा बिलीरुबिनचा. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर तपकिरी रंगात करतात, तान्ह्याच्या पोटात ती फौज अजून जमलेली नसते. धुतलेला लंगोट ओलाच उन्हात टाकला की साबणाला न जुमानणारा डाग दुपारपर्यंत फिका पडतो, कारण बिलीरुबिन प्रकाशात टिकत नाही. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ मध्ये सिस्टर वॉर्ड यांनी पाहिलं की कावीळ झालेल्या बाळाच्या अंगाचा उन्हात राहिलेला भाग फिका पडलाय आणि झाकलेला पिवळाच आहे. कावीळ झालेल्या नवजात बाळांना आज निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्या उपचाराची सुरुवात तिथली.

कोकणात जुलैमध्ये ते ऊन कुठून आणायचं, हा प्रश्न उरतो. शिवून एकत्र केलेला जाड लंगोट तेव्हा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी म्हणून सुटे पदर घ्यावेत: आवरण वेगळं, हेंपचा पॅड वेगळा, वर चौकोनी सुती लंगोट. सुती पंख्याखाली रात्रीतून वाळतात, हेंपला दीड दिवस द्यावा लागतो, म्हणून तो पॅड दुप्पट घ्यावा. पूर्वी शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर दुपटी पसरत. आता गरम इस्त्री फिरवली तरी भागतं. फक्त आवरणाला इस्त्री लावू नये, त्याचा थर वितळतो.